हर्ड बेटावरचे चार दिवस

कुंदा सोवनींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका प्राध्यापकाला अक्षांश समजावून सांगत होत्या. प्राध्यापक आयरिश, हवामानशास्त्राचा, आणि ज्या प्रकल्पात त्या नोकरीला होत्या त्याचा प्रमुख. नाव फर्गल. मार्च महिना होता. तो हात चोळत खोलीत आला आणि आज काय मरणाची थंडी आहे, असं सहज म्हणाला. कुंदाताईंनी मान वर केली आणि त्याला सांगितलं की डब्लिन त्रेपन्न अंश उत्तरेला आहे, आणि बरोबर त्रेपन्न अंश दक्षिणेला हर्ड नावाचं एक बेट आहे. तिथे एक झाड नाही. मधोमध ज्वालामुखी आहे आणि त्याच्या अंगावरून हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. तेवढ्याच अक्षांशावर तुम्ही गाई चारता, कारण तुमचा समुद्र तुम्हाला उबदार पाणी आणून देतो. त्या बेटाला कोणी काही आणून देत नाही. तेव्हा थंडी हा शब्द जरा जपून वापरावा.

फर्गलला हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. त्याचा सगळा जन्म त्याच अभ्यासात गेला होता. तो हसला, "ग्रँड, कुंडा" म्हणाला आणि चहा घ्यायला निघून गेला.

आयर्लंडमध्ये या 'ग्रँड'चे पुष्कळ अर्थ होतात. ठीक आहे, चालेल, ऐकलं, आता पुरे. कुंदाताईंनी त्याचा एकच अर्थ लावून ठेवला होता: नाही. फर्गलच्या बाबतीत तो सहसा बरोबर निघायचा.

प्रकल्प डब्लिनमधल्या एका विद्यापीठाचा होता. एकोणिसाव्या शतकात सील आणि देवमासे मारणारी जहाजं हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला जात. त्यांच्या रोजवह्यांत दिवसातून चार वेळा वारा, हवेचा दाब, तापमान लिहिलेलं असे. त्या काळी त्या समुद्रात दुसरं कोणी काही मोजत नव्हतं, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी तिकडची हवा कशी होती हे सांगणारा आधार म्हणजे याच वह्या. त्यांची छायाचित्रं संगणकावर होती. ती वाचायची आणि आकडे तक्त्यात भरायचे, हे कुंदाताईंचं काम. ते त्या नऊ वर्षं करत होत्या.

माझं काम, सरळ सांगायचं तर, त्यांचं काम उरू नये असं करण्याचं होतं. आमच्या कंपनीला त्या वह्यांचं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर बनवायचं कंत्राट मिळालं होतं, आणि त्याला शिकवण्यासाठी कुंदाताईंनी नऊ वर्षांत भरलेले तक्ते वापरायचे होते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी विचारलं, पुण्यात कुठे. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "बस. आधी तुला वाचायला शिकवते. तुला आलं नाही तर तुझ्या मशीनला काय येणार."

त्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. उंच, हडकुळ्या, पांढरे केस मानेपाशी कापलेले. कुर्त्यावर कायम एक निळं जाकीट, कॉर्क शहरात घेतलेलं. खुर्चीवर घरून आणलेली उशी, हाताशी भिंग, आणि पुण्याहून भावाकडून मागवलेलं लांबट रजिस्टर. संगणक असूनही शंका आलेली प्रत्येक नोंद त्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहीत. आकडे पुटपुटत ते मराठीतच. शेजारच्या टेबलावरची आयरिश मुलगी मला एकदा म्हणाली की तिला आता अठ्ठावीस आणि एकोणतीस ऐकून कळतं, कारण दाबाचा आकडा बहुतेक या दोन्हींपैकी एकाने सुरू होतो.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या पुण्यात हवामानाच्या एका कार्यालयात जुन्या नोंदी उतरवून काढायचं काम करत. नवऱ्याला कॉर्कमध्ये औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते सोडून इकडे आल्या. मूल नव्हतं. नवरा गेल्यावर हे काम मिळालं आणि त्या डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. नवऱ्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. ते गेले तेव्हा दवाखान्याच्या कागदावर वेळ चुकीची पडली होती. दहा मिनिटांचा फरक. कुंदाताई दोनदा जाऊन ती दुरुस्त करून आल्या. तिथल्या बाईने समजावलं होतं की एवढ्याने काही बिघडत नाही. "बिघडत नाही, पण ते दहा मिनिटं जिवंत होते," असं त्या तिला म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज तक्त्यातली चूक सांगतानाच्या आवाजाहून वेगळा नव्हता.

मीही ॲडम्सटाउनलाच राहतो. सकाळच्या गाडीने आम्ही बरोबर जायचो. शहरातल्या ह्यूस्टन स्टेशनला पोहोचायला जेमतेम वीस मिनिटं, आणि तेवढ्यात त्या एक बेट सांगून संपवत. शाळेच्या भूगोलात 'गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास' पाठ केलेलं मला आठवत होतं, पण ते वारे आहेत यापलीकडे काही नाही. कुंदाताईंनी सांगितलं की तिकडे पृथ्वीला फेरी घालताना वाऱ्याच्या वाटेत फारशी जमीनच येत नाही, म्हणून तो थकत नाही. कर्गुलेन बेटावर एक कोबी उगवतो. तो खाल्ल्याने खलाशांच्या सडलेल्या हिरड्या भरून यायच्या. क्रोझे बेटांवर जहाजं फुटली की माणसं अल्बाट्रॉस पक्ष्याच्या पिल्लांवर दिवस काढत. आणि सगळीकडे गोष्ट एकच. आधी केसाळ कातडीचे सील मारून संपवले. मग चरबीसाठी हत्तीसील. चरबी कढवायला जळण नाही, तर चुलीत पेंग्विन टाकत. हे सांगून झालं की त्या खिडकीबाहेर पाहायच्या आणि विषय बदलायच्या. हळहळणं हा प्रकार त्यांच्यात नव्हता. मी एकदा अरेरे म्हटलं तर म्हणाल्या, अरेरे काय, लक्षात ठेव.

त्यांच्याशी जुळवून घेणं सोपं नव्हतं, हेही सांगायला हवं. माझ्या बायकोने, मृदुलाने, त्यांना आमच्या मंडळाच्या गणपतीत व्याख्यानाला बोलावलं. शेजारच्या लूकन गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं, मुलं इकडून तिकडे पळताहेत, मागे पुलाव गरम होतोय. वीस मिनिटं दिली होती. कुंदाताईंनी पडद्यावर एक नकाशा लावला. त्यात मधोमध दक्षिण ध्रुव होता आणि भारत कडेला जेमतेम दिसत होता. लोकांना तो उलटा लावलाय असं वाटलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तसं म्हटलंही. कुंदाताईंनी त्या गृहस्थांना उभं करून नकाशाला वर आणि खाली नसतं हे समजावलं, आणि त्यात पाच मिनिटं गेली. पंचविसाव्या मिनिटाला सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि बोलत राहिल्या. लोक उठून जेवायला गेले. शेवटी समोर मी, मृदुला आणि बहिरे असलेले एक आजोबा उरलो. कुंदाताईंनी शेवटचं चित्र दाखवलं, कोणाचे काही प्रश्न आहेत का असं विचारलं, आणि जेवायला न थांबता गेल्या. मृदुलाला वाईट वाटलं. मला राग आला होता. थोडं गोडीने घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी दुसऱ्या दिवशी गाडीत बोललोही. त्या म्हणाल्या, "मी वीस मिनिटांचंच तयार केलं होतं. वर खाली कळेना म्हणून वेळ गेला. त्याला मी काय करू?"

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. प्रकल्पात विद्यार्थी स्वयंसेवक यायचे. त्यातल्या क्लेअर नावाच्या एका हुशार मुलीने एका पानावर शाईचा डाग पडलेला असताना आकडा अंदाजाने भरला. वरचा अमुक, खालचा तमुक, तर मधला हाच असणार. बहुधा तो बरोबरही होता. कुंदाताईंनी तो पकडला, मग तिचं सगळं काम पुन्हा तपासलं, तेव्हा असे आणखी अकरा आकडे सापडले. त्यांनी फर्गलला लिहून दिलं की हिला वह्यांपासून दूर ठेवावं. ती मुलगी आमच्यासमोर रडली. कुंदाताई तिला म्हणाल्या, नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहायचं, त्यात लाज नाही. पण क्लेअर पुन्हा आली नाही, आणि बाकीचे स्वयंसेवकही हळूहळू कमी झाले. फर्गलने त्यानंतर त्यांना बैठकांना बोलावणं जवळजवळ बंद केलं. त्यांना ते खटकलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

मी, मृदुला आणि कुंदाताई एकदा गाडी काढून पश्चिमेला गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना फ्यूशिया नावाच्या लाल फुलझाडाची कुंपणं. मृदुला म्हणाली, हे अगदी इथलं फूल ना, पोस्टकार्डांवर असतं. कुंदाताई म्हणाल्या की हे दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाचं झुडूप आहे, कोणीतरी हौसेने आणून लावलं. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "त्याला मूळचं कुठलं म्हणून कोणी विचारत नाही. मला वीस वर्षं झाली, दुकानात रोज विचारतात."

आता ते चार दिवस.

मी प्रकल्पावर आल्याला दीड वर्ष झालं होतं. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी वाचू लागलं होतं. एका सकाळी कुंदाताई गाडीत बेट सांगण्याऐवजी पेन्सिलीने कागदावर आकडे मांडत बसल्या. ऑफिसात पोहोचल्यावर त्यांनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. हे त्या सहसा करत नसत.

पडद्यावर सील मारणाऱ्या एका जहाजाची वही होती. त्या जहाजाने जानेवारीत हर्ड बेटावर नऊ माणसं उतरवली होती. तेव्हाची रीतच तशी होती. माणसं किनाऱ्यावर ठेवायची, त्यांनी सील मारून तेल कढवून पिंपं भरायची, आणि जहाजाने काही महिन्यांनी पिंपं आणि माणसं उचलायची. एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडचा हिवाळा तोंडावर आलेला असताना, जहाज परत आलं. पिंपं चढवली. आणि मग चार दिवस एकच नोंद: पश्चिमेचं भयंकर वादळ, दाब घसरतोय, होडी पाठवणं अशक्य. पाचव्या दिवशी जहाज उत्तरेला निघून गेलं. माणसं बेटावरच.

मी म्हटलं, वादळ असेल तर काय करणार.

त्यांनी दुसरी वही उघडली. दुसरं एक लहान जहाज त्याच आठवड्यात तिथून साठ मैलांवरून कर्गुलेनकडे चाललं होतं. त्या माणसांची त्याला काही खबर असायचं कारण नव्हतं. त्या चार दिवसांची त्याची नोंद होती: हलका वारा, दाब चढता, शिडं वाळत घातली. साठ मैलांत वारा बदलेल, त्या म्हणाल्या, पण दाब एवढा बदलू शकत नाही. मग त्यांनी पहिल्या वहीतलं आधीच्या ऑगस्टमधलं एक पान उघडलं. तिथे खरंच मोठं वादळ झालं होतं. दिवसाला चार, असे चार दिवसांचे दाबाचे सोळा आकडे. एप्रिलमधले सोळा आकडे तेच होते, त्याच क्रमाने.

"हे मी आधी टाइप केलेत," त्या म्हणाल्या. "काल रात्रभर वाटत होतं, हे मी आधी टाइप केलेत."

कॅप्टनने जुन्या वादळाचे आकडे उतरवून घेतले होते. हवा स्वच्छ होती, आणि त्याने नऊ माणसं मुद्दाम सोडली होती. का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की ते वहीत नाही, आणि वहीत नाही ते त्या सांगणार नाहीत. मग म्हणाल्या, "जहाजावर तीसेक माणसं होती, निखिल. सगळ्यांना आकाश दिसत होतं."

पुढचे सहा आठवडे त्या जेवणाची सुट्टी न घेता वह्या धुंडाळत होत्या. दुपारी बाराला डबा उघडायचा हा त्यांचा नेम, तोही मोडला. शेवटी तिसऱ्या एका जहाजाच्या वहीत त्यांना दीड ओळ सापडली. पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात ते हर्डला टेकलं होतं. झोपडीचं छप्पर कोसळलेलं, चार जणांना पुरलं, बाकीच्यांचा माग लागला नाही. मग दाब, वारा, तापमान. पहिल्या जहाजाच्या वहीत सुरुवातीला खलाशांची यादी होती, तिच्यातून त्यांनी नऊ नावं काढली. एकाच्या पुढे कॉर्क लिहिलं होतं. वय एकोणीस.

त्यांनी फर्गलकडे दोन पानांचं टिपण दिलं. मागणी फार लहान होती. जे आकडे आपण गाळतो त्यांच्यापुढे एक रकाना ठेवावा आणि का गाळले ते लिहावं. त्या चार दिवसांपुढे लिहावं की नोंद खोटी आहे, आधीच्या वादळावरून उतरवलेली आहे. फर्गल वाईट माणूस नव्हता. त्याने टिपण वाचलं, ते विलक्षण आहे असं म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला असावा. पण तक्त्याचा साचा सात देशांनी मिळून ठरवलेला होता. त्यात नवा रकाना घालायचा तर सगळ्यांची संमती हवी. शिवाय आपण हवामानाचा अभ्यास करतो, गुन्ह्यांचा नाही. तक्ते एकदा प्रसिद्ध होऊ देत, मग बघू.

त्या टिपण घेऊन माझ्याकडे आल्या. साच्याबाहेर, सोबतच्या वेगळ्या फाईलमध्ये कारणं देता येतील का, असं त्यांनी विचारलं. येतील, मी म्हटलं. किती वेळ लागेल? अर्धा दिवस. करशील? करतो.

मी खरंच करणार होतो. पण पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, आणि फर्गलने मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता नको, उगाच प्रश्न निघतील. मी बरं म्हटलं.

सॉफ्टवेअर दाखवायच्या दिवशी खोली भरलेली होती. पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं होती, दुसऱ्या विद्यापीठांची होती. मी एक अख्खी वही सॉफ्टवेअरला दिली, आणि जी वाचायला कुंदाताईंना पाच महिने लागले होते ती त्याने आम्ही कॉफी ओतून घेईपर्यंत वाचून काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंदाताई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि मला त्या एप्रिलचं पान लावायला सांगितलं. इंग्रजीतच बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून. मी लावलं.

सोळाही आकडे त्याने बरोबर वाचले होते. त्यांनी एकेक तपासून मान डोलावली. मग विचारलं, हे पान तक्त्यात जाईल का? मी सांगितलं, नाही, सॉफ्टवेअर ते बाजूला काढतं. का? शेजारच्या जहाजाशी जुळत नाही म्हणून.

"म्हणजे हे खोटं आहे, ते त्याला कळतं."

"एका अर्थी, हो."

"आणि कळल्यावर ते काय करतं?"

"गाळतं."

खोलीत कोणाला पुढचं काही ठाऊक नव्हतं. मी आणि फर्गल सोडून. कुंदाताई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "कॅप्टनला तरी दुसरं काय हवं होतं?" आणि बाहेर गेल्या. त्या काय म्हणाल्या असं कोणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, काम छान झालंय म्हणाल्या. हे वाक्य मी बोललो आहे. ते मागे घेता येत नाही.

त्यांचा करार दर वर्षी वाढायचा, तो त्या वर्षी वाढला नाही. निरोपासाठी केक आणला होता, कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. त्या आल्या नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळीच उशी, भिंग आणि रजिस्टरं घेऊन गेल्या होत्या. कार्ड माझ्याकडे दिलं, शेजारी राहतोस म्हणून. मी ते त्यांच्या दारात टाकलं. घंटा वाजवली नाही.

तक्ते प्रसिद्ध झाले. आभारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, एक अक्षर चुकलेलं. मी फोन करून ते दुरुस्त करवतो म्हटलं. त्या म्हणाल्या, माझं राहू दे, दुसरी फाईल कुठे आहे? मी सांगितलं की प्रकल्प आता दुसऱ्या टीमकडे गेलाय, माझ्या हातात काही उरलं नाही. ते खरं होतं. ते खरं होईपर्यंत मी वाट पाहिली होती, हेही खरं. त्यांनी फोन ठेवला. आज कोणीही तो तक्ता उतरवून घेतला तर त्या एप्रिलमधले चार दिवस तिथे कोरे आहेत. समुद्रातल्या इतर हजारो कोऱ्या जागांसारखेच.

पुढचं वर्षभर त्या घरी बसून एकटीने ते प्रकरण लढवत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी नऊ नावं आणि सोळा आकडे नीट लिहून कॉर्कच्या एका वाचनालयाला पाठवले, म्हणजे त्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घराण्यातलं कोणी असेल तर कळावं. एका मासिकाला पाठवले. वाचनालयाचं उत्तर सभ्य होतं. आम्हाला हे ठेवून घ्यायला आवडेल, पण एखादा प्रसिद्ध झालेला आधार हवा. आम्ही प्रकल्पाचे तक्ते पाहिले, त्या तारखांना तिथे काहीच नोंद दिसत नाही. मासिकाने उत्तर दिलं नाही.

मग घरमालकाला फ्लॅट विकायचा होता म्हणून त्यांना नोटीस आली. ॲडम्सटाउनमध्ये त्यांना परवडेल अशी दुसरी जागा नव्हती, आसपासही नव्हती. पुण्याला भावाकडे जायचं ठरलं. एका शनिवारी त्यांचा फोन आला, बऱ्याच महिन्यांनी. गाडी आहे ना तुझी, थोडं सामान टाकायचंय.

खोली रिकामी झाली होती. भिंतीवरचा दक्षिण ध्रुवाचा नकाशा काढलेला, त्याचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. दाराशी एक खोकं होतं, त्यात सगळी रजिस्टरं. मी मोजली नाहीत, दहा-बारा असतील. विद्यापीठाला विचारून पाहिलं, पण त्यांच्याकडे जागा नाही, असं त्या म्हणाल्या. विमानात वजनाची मर्यादा होती. मला वाटलं ही मला द्यायची आहेत, म्हणून मी ती उचलून गाडीत पुढच्या सीटवर ठेवली. त्या म्हणाल्या, मागे ठेव, रिसायकलिंग सेंटरला जायचंय.

वाटेत मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. पुण्यात कुठे राहणार वगैरे. त्यांनी उत्तरं दिली. सेंटरला कागदाचा मोठा कंटेनर होता, त्याला वर एक लांबट फट. त्या एकेक रजिस्टर काढत, कव्हरवरचं लेबल वाचत आणि आत टाकत. पडल्याचा आवाज यायचा. चारपाच झाल्यावर मी म्हटलं, "ताई, उरलेली मी ठेवतो."

त्यांनी विचारलं, "कशाला?"

उत्तरासाठी त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. सहावं रजिस्टर हातात धरून, माझ्याकडे बघत, रागाने नाही, एखादं न लागणारं अक्षर बघावं तशा. मग ते आत टाकलं. शेवटचं संपल्यावर खोकं चपटं करून तेही घातलं आणि रुमालाने हात पुसले.

त्यांना शहरात बँकेचं खातं बंद करायला जायचं होतं. घरी नको, स्टेशनला सोड म्हणाल्या. परवा विमानतळावर मी येतो, असं मी म्हटलं तर टॅक्सी सांगितली आहे म्हणाल्या. स्टेशनसमोर थांबायला जागा नव्हती, मी उभ्या गाड्यांच्या बाजूला रस्त्यातच गाडी उभी केली. त्या उतरल्या, दार नीट लागलंय का ते ओढून पाहिलं आणि पुलाच्या पायऱ्या चढू लागल्या. चढताना मध्ये एकदा कठडा धरून थांबल्या, तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की त्या म्हाताऱ्या झाल्यात. मग वर पुलावर निळं जाकीट दिसलं, कठड्याआड गेलं, पुन्हा दिसलं. त्या पलीकडच्या फलाटाकडे चालल्या होत्या. गाडीला अजून अकरा मिनिटं होती. पाटीवर मला दिसत होतं. गाडी नीट लावून वर जायला तीन मिनिटं लागली असती.

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी हात दाखवून माफी मागितली आणि निघालो.